दोन घरांचं एक घर : सामानाच्या नोंदी

१८ जानेवारी २०२५

काल सोलापूरच्या होम मैदानावर गड्डा यात्रेत फिरताना एक बिडाचा (ओतीव लोखंडाचा) तवा घेतला. घरी येऊन पिशवी खाली ठेवते तोवर आत्यांचा फोन. (सासूबाईंना मी आत्याच म्हणते.) घरमालकाला जूनच्या आत खोल्या मोकळ्या करून हव्यात. चाळीस वर्षं बाळीवेशीत काढून आता त्या आमच्याकडे यायच्या. रडारड काही नाही. मी तव्याचं बोलले तर म्हणाल्या, "माझ्याकडं तीन हायत की गं. आणि कशाला आणलीस?"

तर बाळीवेशीतल्या दोन खोल्या आणि जुळे सोलापुरातला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट यांचं मिळून एक घर करायचं आहे. माळा एकच, तोही अर्धा भरलेला. म्हणून ही वही. शाळेची प्रयोगशाळा मी सांभाळते. वस्तू आली की नोंद, फुटली की नोंद, हे हाडात मुरलेलं. प्रत्येक वस्तू हातात घेऊन, वापरून बघायची आणि मगच ठेवायची की मोडीत घालायची ते ठरवायचं. नवरा म्हणाला, "जुनं ते टिकाऊ, एवढं लिही आणि वही मिट." बघू.

२६ जानेवारी

झेंडावंदन उरकून येताना प्रयोगशाळेतलं लोहचुंबक पर्समध्ये टाकून आणलं. आज स्टीलची भांडी. लोहचुंबक चिकटलं नाही म्हणजे स्टील चांगलं, हे मी आईकडून ऐकलेलं आणि पुढे दहा जणींना सांगितलेलं. दोन्ही घरांतल्या एकोणचाळीस भांड्यांवर फिरवलं आणि स्वतःच गोंधळले. आत्यांच्या जाड पातेल्याच्या बुडाला चिकटत नाही, पण कडेला बारीकसं ओढ घेतं. लग्नाच्या आहेरातला माझा पातळ डबा, ज्याला हाताने दाबलं तरी पोचा येतो, त्याला मात्र अजिबात चिकटत नाही.

रात्री बसून नीट वाचलं. ३०४ नावाच्या चांगल्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेल महाग, म्हणून स्वस्तातल्या २०० मालिकेच्या स्टीलमध्ये ते कमी करून मँगनीज वाढवतात. चुंबकाला दोन्ही सारखीच परकी. शिवाय चांगल्या स्टीलचंही भांडं साच्यात दाबून ओढताना कडेला थोडं चुंबकीय होतं. म्हणजे माझी परीक्षा कडेवर चांगल्याला नापास आणि डब्यात हलक्याला पास करत होती. दहा जणींना आता काय सांगू.

त्यापेक्षा डोळ्यांनी जास्त कळलं. कानाला रिव्हेट आहेत की नुसता टाका, कडेची वळवण बंद आहे की आत पाणी साठतं, बूड सपाट आहे की डुगडुगतं. आहेरातला तो पातळ डबा मीच मागच्या दिवाळीआधी आत्यांना मिठासाठी दिला होता. आज उजेडात धरला तर बुडाला पाच भोकं, सुई टोचल्यासारखी. मिठातलं क्लोराइड आणि ओल मिळून स्टीलचं वरचं संरक्षक कवच एकाच जागी फोडतात आणि तिथून खोल शिरतात. बाकी डबा चकचकीत! आत्या म्हणाल्या, "मीठ कुणी स्टीलमधी ठेवतं व्हय? पण तू दिलीस म्हणून ठेवलं."

मीठ चिनी मातीच्या बरणीत गेलं. डबा मोडीच्या पोत्यात.

९ फेब्रुवारी

तवे. हा दिवस मोठा झाला.

आत्यांचे तीन. एक पत्र्याचा लोखंडी, भाकरीचा, मध्ये बारीक खोलगट, वजन ९४० ग्रॅम. एक जुना बिडाचा, दांडीला चिंधी गुंडाळलेली. एक नॉनस्टिक, नणंदेने दिलेला, मधला थर उडून ॲल्युमिनियम उघडं पडलेला. आणि चौथा माझा गड्ड्यातला, २ किलो १०० ग्रॅम.

माझा तवा तेल पाजून तयार करायचा होता. मी धुतला, पुसला, शेंगदाण्याचं तेल सढळ हाताने ओतलं आणि गॅसवर अर्धा तास ठेवला. गार झाल्यावर बोट लावलं तर बोटच चिकटलं. गुळाचा पाक सांडून वाळल्यासारखा तपकिरी चिकटा. आत्या मोड आलेली मटकी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "काय करायलीस? तवा तळायलीस व्हय?"

सोड्याने घासून सगळं काढलं आणि पहिल्यापासून सुरुवात. आता त्यांनी सांगितलं तसं. तवा कोमट करायचा, फडक्याच्या टोकाला चार थेंब तेल, सगळीकडे फिरवायचं आणि मग कोरड्या फडक्याने जणू चुकून लागलं होतं असं पुसून टाकायचं. जे पुसून उरतं तेवढंच खरं. तापवलं की त्या पापुद्र्याइतक्या तेलाचे रेणू एकमेकांत गुंतून घट्ट, काळं कवच बनतं. थर जाड असला तर वरचा भाग आवळतो, आतला ओलाच राहतो, तोच चिकटा. धूर यायचा थांबेपर्यंत तापवायचा, गार होऊ द्यायचा, परत. चार वेळा केलं. चौथ्यानंतर रंग करडा गेला आणि जांभळट काळा आला. संध्याकाळी थालीपीठ टाकलं, पहिलं फाटलं, दुसरं सुटून आलं.

भाकरीच्या तव्याला मात्र तेलाचा हातसुद्धा लावू दिला नाही. तो तवा कोरडा, मोठ्या आचेवरचा; तेल लावलं तर जळून धूर होतो आणि भाकरीला वास येतो. त्याला घासणंही नाही. भाकऱ्या झाल्या की पीठ फडक्याने झटकायचं आणि भिंतीला टेकवून उभा ठेवायचा. एकोणीसशे ऐंशीच्या दशकातला हा तवा फक्त एवढ्यावर उभा आहे.

एक गोष्ट लिहून ठेवते कारण शेजारी नुकतीच घडली. तापलेला बिडाचा तवा नळाखाली धरायचा नाही. पत्र्याचा वाकडा होईल, बिडाचा तडकतो. बीड कडक पण ठिसूळ, त्याला वाकणं माहीत नाही.

नॉनस्टिक मोडवाल्याने ॲल्युमिनियमच्या भावात नेला.

२३ फेब्रुवारी

कुकर. पाच मिनिटांचं काम. आमच्या कुकरवर आयएसआय खूण आणि आयएस २३४७ हा आकडा आहे, आत्यांच्यावर काहीच नाही, आणि झाकणाची कड एका बाजूला पोचलेली. त्यांचा गेला. आमच्याला नवी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व, दोन्ही त्याच कंपनीचे. इथे चालढकल नको. व्हॉल्वमधला धातू ठरावीक तापमानाला वितळावा म्हणूनच बनवलेला असतो, दुसऱ्याचा बसवला तर तो कधी वितळेल ते देव जाणे. झाकण आता लावून न ठेवता उलटं टाकून ठेवतो, रिंग दबून राहत नाही.

२ मार्च

पितळेची तीन पातेली, आतून पिवळी धमक दिसायला लागलेली. म्हणजे कल्हई गेली. अशा पातेल्यात ताक, चिंचेची आमटी ठेवली की कळकते, हिरवट होते, पोटात गेलं तर मळमळ. मोडवाला भाव चांगला देत होता आणि मी देणारच होते. पण बाळीवेशीत आत्यांच्या ओळखीचा कल्हईवाला महिन्यातून एकदा येतो, तो नेमका आज आला.

रस्त्याकडेला उथळ खड्डा, कोळसे, हाताने फिरवायचा पंखा. पातेलं आधी आतून घासून लख्ख केलं. मग सांडशीत धरून निखाऱ्यावर गोल गोल. हाताने अंदाज नाही, नजरेने. चिमूटभर नवसागर भुरभुरला, पांढरा धूर उठला, नाकात गेला, सगळे मागे सरकलो. त्या धुरातच कथलाची कांडी पातेल्याच्या पोटाला एकदा, फक्त एकदा, टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने सर्रकन फिरवली. पिवळ्यावरून चंदेरी रंग पाण्यासारखा पळत गेला. नवसागर पितळेवरचा ऑक्साइडचा थर खातो, म्हणून कथील धरतं. मी हे नववीच्या मुलांना फळ्यावर सांगितलं जाताना शंभरदा ऐकलंय, असं बघितलं कधीच नव्हतं. पातेलं बादलीत बुडवलं, छस्स. एका पातेल्याला तीनशे.

कथील २३२ अंशांना वितळतं. रिकामं पातेलं गॅसवर ठेवून मीठ शोधायला गेलं की तेवढं सहज तापतं आणि कल्हई एका जागी गोळा होते. म्हणून आत्या मागून ओरडायच्या, "आधी पाणी, मग गॅस!" मला तो सासुरवास वाटायचा.

तारेची घासणी बंद. काथ्या आणि राख, नाहीतर साधा साबण.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली, कलश आत्यांचाच. दुपारी कूलर काढले. आमचा प्लास्टिकचा, सहा वर्षांचा. त्यांचा लोखंडी पत्र्याचा, कपाटाएवढा, मामांनी (म्हणजे माझ्या सासऱ्यांनी) गिरणी बंद पडायच्या आधी घेतलेला. मला तो अजिबात नको होता. बाल्कनी अडवतो, आवाज ट्रॅक्टरसारखा.

आमच्याचा वेग बदलायचा खटका आतून तुटलाय. दुकानदार म्हणाला मॉडेल बंद झालं, पार्ट येत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं एक पोर्टल काढलंय, तिथपर्यंत गेले. माणूस फोनवर फार गोड बोलला आणि नवीन कूलर सुचवला. पाठीमागचं झाकण स्क्रूने नाही, दाबून बसवलेल्या खाचांवर. उघडताना दोन खाचा तुटल्याच.

पत्र्याच्या कूलरची टाकी गंजून दोन ठिकाणी गळत होती. गंज खरवडला, भोकांवर पत्र्याचा तुकडा डागून घेतला, आतून डांबर फासलं. पंप नवा, कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळाला. मोटरचे बेअरिंग दुसऱ्या दुकानात. कशाला कुणाची परवानगी लागली नाही. आपल्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, म्हणून कूलरला बोअरचंच. ते इतकं जड की गवताच्या पॅडवर पांढरी खरपुडी धरते आणि पंपाची जाळी बुजते. पॅड वर्षाला बदलायची, पंप पंधरवड्याला लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर बुडवायचा. गीझरच्या कॉइललाही हाच उपाय लागू पडला.

ट्रॅक्टर राहिला. आता माझी मोजपट्टी वजन आणि चकाकीवरून सरकली आहे: स्क्रू दिसतात का, आणि पार्ट सोलापुरात मिळतो का.

१३ एप्रिल

मामांची हत्यारांची पेटी. ते जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून कुणी उघडली नव्हती. गिरणीत फिटर होते. पेटीत पाने, कानशी, हातोडा, पक्कड, तेलाची लांब चोचीची डबी. सगळ्यांवर तांबूस गंज, पण खोल नाही, कारण प्रत्येक हत्यार तेलकट चिंधीत गुंडाळलेलं. त्या चिंध्या त्यांच्याच लेंग्याच्या आहेत, हे आत्यांनी बघताक्षणी ओळखलं. थोडा वेळ मग कुणीच काही बोललं नाही.

रॉकेल आता मिळत नाही, डिझेलमध्ये रात्रभर बुडवलं, सकाळी पितळी तारेच्या ब्रशने घासलं, पुसलं, शिलाई मशीनचं तेल. नवऱ्याने पाना घेऊन सायकलच्या नटला लावला तर सैल. "झिजलाय," म्हणाला आणि बाजूला टाकला. पान्यावर "१/४ डब्ल्यू" असं खोदलेलं. पाव इंच? जबडा तर अर्ध्या इंचाहून मोठा दिसतोय. सोमवारी शाळेतून मोजायला व्हर्नियर आणेपर्यंत झोप येणार नाही.

१४ एप्रिल

सुट्टी होती हे विसरलेच. शिपाई मामांना विनवून व्हर्नियर मिळवलं.

जबडा १३.३ मिलिमीटर. पाना झिजलेला नाही, तो दुसऱ्याच भाषेतला आहे. "डब्ल्यू" म्हणजे व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८४१ साली आट्यांचं एकच माप ठरवावं असं मांडलं, तोवर प्रत्येक कारखान्याचा बोल्ट वेगळा. पान्यावरचा आकडा जबड्याचा नसून बोल्टच्या जाडीचा. पाव इंची बोल्टच्या नटाची रुंदी ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिलिमीटर. आजचा ८ मिलिमीटरचा बोल्ट १३चा नट घेतो, म्हणून पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर दिला की नटाचे कोपरे गोल करतो. आट्यांचा कोनही वेगळा, त्यांचा ५५ अंश, आपला ६०. सोलापुरात पहिली गिरणी १८७७ला उभी राहिली, तिथली यंत्रं विलायतेची. मामांचे हात त्याच मापात वाढले.

मग या पान्यांचं करायचं काय? ३/८चा मोजला तर १८.०३, आणि १२च्या बोल्टचा नट बरोबर १८. तो चपखल बसतो. कूलरच्या स्टँडला तोच लागला. पाव इंचीचे तीन मात्र नव्या नटांना लावायचे नाहीत, असं पेटीच्या झाकणावर आतून रंगाने लिहिलं.

हातोड्याचा दांडा हलत होता. नवऱ्याने बादलीत बुडवून ठेवला, सकाळी घट्ट. कौतुक करून घेतलं.

२० एप्रिल

हातोडा परत हलतोय. लाकूड पाण्याने फुगतं, वाळलं की आधीपेक्षा आखडतं. बाहेर ४२ अंश, चार दिवसांत वाळलं. मंगळवार बाजारातून बाभळीचा दांडा आणायचा.

विळी धारवाल्याकडे दिली होती, तो माझा आजचा पश्चात्ताप. चाकावर ठिणग्या उडवत इतकी दाबली की पात्याच्या टोकाला निळा डाग पडला. निळा रंग म्हणजे लोखंड तीनशे अंशांच्या आसपास तापलं आणि तिथलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. कांदा दोन दिवस लोण्यासारखा कापला गेला, तिसऱ्या दिवशी टोमॅटोची साल दबायला लागली. आत्यांनी चिनी मातीची बरणी उलटी केली. तिच्या बुडाच्या कडेला चकाकी नसते, खरखरीत असते. पाणी लावून पातं तिरकं धरून पंचवीस वेळा ओढलं. निळा भाग जाईपर्यंत वर्षभर असंच ओढावं लागेल, म्हणाल्या. घाई कुणाला आहे.

४ मे

चादरी. अकरा निघाल्या. सोलापुरात कुणाच्याही घरी निघतीलच.

त्यातल्या तीन "सोलापुरी" नावाच्या पण हाताला सरकणाऱ्या. अशोक चौकाजवळ राहणारे, आयुष्य मागावर काढलेले एक काका आत्यांचे परिचयाचे. त्यांनी दशीतला एक धागा उपटून काडीला लावला. जळल्या कागदाचा वास आला, चिमटीत राख उरली, तर सूत. दुसऱ्या चादरीचा धागा वितळून काळा मणी झाला. मग चादर उलटी करून दाखवली. खरी दोन्ही बाजूंनी अंगावर घेता येते. जकार्डच्या मागावर दोन थर एकमेकांत अदलाबदल करत विणलेले असतात, एका बाजूला लालावर हिरवं तर पाठीला हिरव्यावर लाल. "थर दोन हायत, म्हणून जड बी आणि म्हणून टिकते बी," काका म्हणाले. काट्यावर टाकली, दीड किलोला थोडी जास्त.

मामांची चादर मध्ये विरली होती, कडा नव्यासारख्या. आत्यांनी मधोमध उभी चिरली, मला धस्स झालं. दोन्ही कडा मध्ये घेऊन शिवल्या, विरलेला भाग बाहेर आला आणि गादीखाली खोचला गेला. आणखी दहा वर्षं. मध्ये शिवण टोचते, ती त्यांच्या मते झोप लागली की टोचत नाही.

दोन चादरींत जीव नव्हता, त्यांची वाकळ.

१८ मे

बाभळीचा दांडा बसवला. डोक्यातून दांडा वर आला की चिरेत लाकडी पाचर ठोकायची, वर आडवी लोखंडी. जवसाचं तेल पाजलं. तेलाची चिंधी चुरगाळून डब्यात टाकायची नाही. जवसाचं तेल हवेत वाळताना उष्णता सोडतं, गोळा केलेल्या चिंधीत ती साठून आग लागू शकते. दोरीवर पसरून वाळवली.

मिक्सरही आज उघडला. खालचे चार स्क्रू, आत कार्बन ब्रश नखाएवढे उरलेले. ऐंशी रुपयांची जोडी. कपलरचे आटे उलटे, हे कळेपर्यंत एक फडकं फाटलं आणि नवरा-बायकोचं एक भांडण झालं. शेंगाचटणी मात्र त्यात करायची नाही असं आत्यांचं फर्मान आहे. उखळात कुटली की तेल सुटतं, मिक्सरात नुसता भुगा, आणि मोटर तापते ती वेगळीच. उखळ बाल्कनीत, कूलरच्या बाजूला. आता माणसाला उभं राहायला जागा नाही.

८ जून

आत्या आल्या. टेम्पो एकच लागला. सामान लावताना वहीत बघून एकेक टिचकी मारत होते. त्यांच्या हातातल्या पिशवीत देव, औषधं आणि एक स्टीलचा डबा. मी लगेच ओळखला, पोत्यातून कधी काढून घेतला कळलंच नाही.

"आत्या, हा भोकाचा आहे."

"बटणं कुठं गळत्यात?"

नोंद क्रमांक २०७. डबा, स्टील, आहेराचा, भोकं ५. बटणं, हूक, सुयांची पुडी. जागा : शिलाई मशीनचा खण.